पुरातला भाव

मी लिटरचं माप बोलतोय. जवळ बसायचं असेल तर थोडा वास सहन करावा लागेल. माझ्या पत्र्यात मातीतेल मुरलं आहे, त्यावर पेट्रोलचा थर आहे. आणि सध्या माझ्या पोटात जे आहे, त्याला कशाचाच वास नाही. त्याबद्दल शेवटी सांगेन.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जस्त चढवलेला पत्रा गोल वाकवला, त्याला डाख देऊन बूड बसवलं, कडेला लांब दांडी जोडली आणि काठाशी शिशाचा एक ठिपका ठेवला. तो ठिपका का, हे मला बुलढाण्याला कळलं. वजनमापे खात्याच्या निरीक्षकानं काचेच्या भांड्यातून माझ्यात पाणी ओतलं, डोळा माझ्या काठाला लावला आणि मान हलवली. मग त्या शिशावर हातोडीनं शिक्का ठोकला. त्या दिवसापासून मी खरा ठरलो. दरवर्षी नवा ठोका पडे आणि दरवर्षी मी खराच निघे.

त्या ठोक्याचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे. पण तो ठोका माझी खोली तपासतो, आणखी काही तपासत नाही, हे कळायला मला पूर यावा लागला.

मला विकत घेतलं रंगरावानं. आमचं गाव मेहकर आणि डोणगावच्या मधे, सडकेपासून आत, नदीनं वळसा घातलेल्या जागी. सडकेवरून गावात यायला एकच पूल. रंगरावाचं किराणा दुकान होतं आणि मातीतेलाचा परवाना. रॉकेल म्हणा, घासलेट म्हणा, आमच्याकडे त्याला मातीतेल म्हणत. ते येण्याच्या दिवशी सकाळपासून ओट्यासमोर रांग लागे. पण रांगेत माणसं नसत, त्यांचे डबे असत. ज्याला डबा ठेवायचा नसेल तो दगड ठेवी, कोणी चप्पल ठेवी, आणि सगळे लिंबाखाली जाऊन गप्पा मारत. दगडाच्या पुढे डबा सरकवला म्हणून मात्र भांडण होई. माणसं स्वतःच्या जागेपेक्षा आपल्या दगडाच्या जागेसाठी जास्त भांडतात, हे मी तिथं पाहिलं.

रंगराव मला दांडीनं धरून टाकीत बुडवी. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन. आणि शेवटचं माप ओतून झालं की मला पुन्हा जरासं बुडवून डब्यात बोटाएवढी धार सोडी. ती हिशेबातली नसे. कोणी विचारलं तर म्हणे, "दांडीले लागलेलं तेल त्याचंच हाये. ते काऊन ठेवू?" दांडीला एवढं तेल कधी लागत नाही. मला माहीत होतं, घेणाऱ्यालाही माहीत होतं.

त्याची आणखी एक रीत होती. गावात कोणी गेलं की सरणासाठी मातीतेल न्यायला माणूस येई. तो पायरीवर चप्पल काढून दुकानात शिरे. एरवी कोणी काढत नसे, म्हणून त्याला तोंडानं काही सांगावं लागत नसे. रंगराव काटा सोडून उठे, मला काठोकाठ भरी, वरून धार सोडी आणि पैशाला हात लावत नसे. परका माणूस खिसा चाचपू लागला तर एवढंच म्हणे, "राहू द्या. सरणाच्या तेलाले भाव नसते."

त्याबद्दल कोणी त्याचे आभार मानत नसे. तसं मानायचं नसतंच.

पुढे घरोघरी गॅस आला आणि रेशनचं मातीतेल बंद झालं. शेवटची टाकी रिकामी करताना रंगरावानं एक कॅन बाजूला काढला, झाकण घट्ट लावलं आणि माळ्यावर ठेवला. त्याची सून पूनम म्हणाली, "मामाजी, आता कायले ठेवता? घरभर वास सुटते." तो म्हणाला, "गावात मान्सं मरनं बंद झालं नाई ना अजून."

मग त्याला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. दुकान त्याच्या मुलाकडे, जीवनकडे आलं आणि रंगरावाची खाट दुकानामागच्या खोलीत आली. मधे नुसता पडदा. तो दिवसभर पडून दुकानाचे आवाज ऐकत राही.

जीवन वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला तसं वाटेल. त्यानं बापाला कधी ओल्या अंथरुणात ठेवलं नाही. दुकानात फ्रिज आणला, मोबाइलचं रिचार्ज ठेवलं आणि मोटरसायकलवाल्यांसाठी सुटं पेट्रोल ठेवू लागला. पंप पुलापलीकडे लांब. घरात पेट्रोल संपलं की माणूस बाटली घेऊन यायचा. जीवन पंपावरून आणायचा आणि थोडे पैसे चढवून विकायचा. त्याला कोणी नाव ठेवलं नाही. मला त्यानं खिळ्यावरून खाली काढलं, पुसलं आणि पुन्हा कामाला लावलं. मातीतेल अंगाला चिकटून बसतं. पेट्रोल मात्र ओतलं की लगेच उडून जातं, आपलं कोणी नसल्यासारखं. पण काम मिळालं म्हणून मी खूश होतो.

धार मात्र बंद झाली. पहिल्याच दिवशी पडद्यामागून रंगराव जड जिभेनं म्हणाला, "धार नाई टाकली बे?"

"बाबा, हे पेट्रोल हाये. मातीतेल नोहे," जीवन म्हणाला आणि हसला.

पूर आला तो पहाटे. वरच्या अंगाला ढगफुटी झाली होती म्हणे. उजाडायच्या आत नदी ओळखू येईना. पाणी दुकानात कमरेएवढं चढलं. जीवननं आधी बापाला पाठीवर घेऊन शेजारच्या गच्चीवर नेलं, मग पूनमला, मग जमेल तसा माल. साखरेची पोती त्याच्या डोळ्यांदेखत विरघळली. मी खिळ्यावर होतो, वरच्या अंगाला, त्यामुळे वाचलो. माळ्यावरचा कॅनही वाचला.

पाणी दुपारपर्यंत दुकानातून उतरलं, पण पुलाचा मधला भाग गेला होता. विजेचे खांब आडवे. आणि पाण्यानं गावातला एक माणूसही नेला होता.

भागवत त्याचं नाव. पलीकडच्या गल्लीतल्या बनाबाईचा एकुलता एक. नदीकाठी बसवलेली पाण्याची मोटर वर ओढून घ्यायला गेला होता. दरवर्षी पाणी वाढलं की सगळेच जातात, दोरानं मोटर वर ओढतात आणि परत येतात. यंदा काठच खचला. त्याच्या चुलतभावानं, दीपकनं, त्याला पाण्यात जाताना पाहिलं. एकदा डोकं वर आलेलं पाहिलं. भागवत पट्टीचा पोहणारा. त्यामुळे कोणी 'गेला' हा शब्द तोंडातून काढला नाही. सगळे म्हणत, कुठंतरी झाडाला धरून असेल, खाली कुठंतरी काठाला लागला असेल.

शोधायला बोट आली, पण पाण्याला ओढ एवढी की पुलाच्या आसपासच फिरली. खालची गावं, वस्त्या, बंधारे पाहायचे तर काठाकाठानं मोटरसायकलवर जायला हवं होतं. चिखलातून, शेतांतून, वळसे घेत. त्याला पेट्रोल हवं. आणि पेट्रोल होतं फक्त जीवनकडे.

जीवनकडचे दोन कॅन गच्चीवर वाचले होते. ते संपत आले तेव्हा तो वरच्या वाटेनं, दोन ओढे ओलांडून, कॅन डोक्यावर घेऊन दुसऱ्या बाजूच्या पंपावर गेला आणि आणखी घेऊन आला. गुडघे सोलून निघाले होते. आल्यावर त्यानं भाव सांगितला. नेहमीच्या तिपटीहून जास्त.

पूनम हळूच म्हणाली, "अवो, एवढा कसा लावता? लोकं काय म्हनतीन?"

"लोकं साखर भरून देनार हायेत काय माही? फ्रिज देनार हायेत? जीव धोक्यात घालून आनलं मी. ज्याले नाई परवडत त्यानं जावं ना पोहत."

तो हे जरा जास्तच मोठ्यानं बोलला. माणसाला स्वतःचंच पटत नसलं की तो मोठ्यानं बोलतो.

लोकांनी घेतलं. दात खाऊन घेतलं, पण घेतलं. दुसऱ्या गावांतली काही पोरं शेतांतून गाड्या घालत पुराचे व्हिडिओ काढायला आली होती, त्यांनी तर भावही विचारला नाही. "भाऊ, फुल्ल कर ना बे," म्हणत गाडी उभी केली. मी भरत होतो, रिकामा होत होतो. माप बरोबर होतं. एक थेंब कमी नव्हता.

मग बनाबाई आली.

सोबत दीपक, हातात बाटली. बनाबाई चिखलानं भरलेल्या चपला घालूनच पायरी चढली. पायरीवर क्षणभर थांबली, पायांकडे पाहिलं आणि मुद्दाम जोरानं पाऊल टाकून आत आली. पडद्यामागे खाट करकरली. रंगरावानं ते पाऊल ऐकलं होतं.

"जीवन, लिटरभर पेट्रोल दे," ती म्हणाली. "दीपक काठाकाठानं जाऊन राह्यला."

जीवननं मला हातात घेतलं. तेवढ्यात आतून आवाज आला, अडखळत. "पैशे... नको घेऊ. शोधाले... चालले ते."

जीवनचा हात थांबला. मी त्याच्या हातात होतो, म्हणून सांगू शकतो. त्या घटकेला तो खरंच देणार होता.

पण बनाबाईनंच मान हलवली. "नाई रंगरावभाऊ. पैसे घ्या. या दुकानातून फुकट तेल कायले भेटते ते मले मालूम हाये. माह्या पोराचं सरन रचाचं नाई मले. माहा भागवत जित्ता हाये."

"तसं नाई काकू..." जीवन म्हणाला.

"घे म्हनलं ना पैसे! फुकट देऊन तू त्याले मारून टाकतं काय?"

दुकानात आणखी माणसं उभी होती. तिचं म्हणणं सगळ्यांना कळलं. गावात ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागलं असतं. आम्हाला नाही. पैसे घेणं म्हणजे भागवत आहे असं मानणं. जीवननं मान डोलावली, मला काठोकाठ भरलं आणि बाटलीत ओतलं.

बनाबाईनं पदराची गाठ सोडली. "किती?"

मी त्या क्षणाकडे पुष्कळदा परत जातो. तिनं पैसे घ्यायला सांगितले होते. किती घ्यायचे हे सांगितलं नव्हतं. जीवननं नेहमीचा भाव सांगितला असता, पंपाचा भाव सांगितला असता, अगदी दहा रुपये सांगितले असते, तरी तिचा मुलगा जिवंतच राहिला असता. तिच्या मनापुरता तरी. पण मागे रांग होती. रांगेतले सगळे ऐकत होते. एकाला कमी सांगितलं तर बाकीचे काय म्हणतील, हा विचार त्याच्या तोंडावरून जाताना मी पाहिला.

त्यानं पुरातला भाव सांगितला.

बनाबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, पैसे मोजले आणि फळीवर ठेवले. दीपक मात्र जाता जाता म्हणाला, "वा रे जीवनभाऊ! नदीनं तुह्या घरची साखर नेली, आन् तू आमच्या घरून काढून राह्यला."

"अन् मी डोक्यावर कॅन आनले ते?" जीवन म्हणाला. दीपक तोवर गाडीला किक मारत होता.

त्या दिवशी दीपक खालच्या दोन गावांपर्यंत जाऊन आला. कोणी काही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच आला.

"जीवनभाऊ, काकूजवळचे संपले. पुलापलीकडं गेल्याशिवाय बँकेतून निघत नाई. उधार लिव."

"दीपक, उधारी बंद हाये. सगळ्यांलेच बंद हाये. एकाले देऊ अन् एकाले नाई, असं करता येत नाई बे."

"मी सगळ्यांतला हाये काय? भागवत तुह्यासंग शाळेत होता ना?"

जीवन खाली पाहत कॅनचं झाकण उघडत-लावत राहिला. "किती हायेत तुह्याजवळ?"

दीपकनं खिशातले होते तेवढे फळीवर ठेवले. जीवननं मला भरायला घेतलं आणि अर्ध्यावर हात थांबवला. वाकून माझ्यात पाहिलं, जसं तो निरीक्षक पाहायचा. मग आणखी थोडं ओतलं. धार म्हणावी एवढं नव्हतं, पण होतं. ते त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

पडद्यामागे रंगराव काहीतरी म्हणत होता. जीभ जड, शब्द उमटत नव्हते. जीवननं ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही असं केलं. थोड्याच वेळात ती व्हिडिओवाली पोरं आली आणि उरलेलं बहुतेक पेट्रोल त्यांनी नेलं.

दीपक त्या दिवशी फुटक्या बंधाऱ्यापर्यंत गेला. पुढे शेतातल्या चार-दोन झोपड्यांची एक वस्ती आहे, तिथं जायला मोठा वळसा. त्यानं गाडी आडवी करून टाकी हलवून पाहिली. परत यायला पुरेल एवढंच होतं. गाडी तिथं टाकून पायी जावं, तर दिवस कलला होता आणि मधे छातीभर पाणी होतं. त्यानं बंधाऱ्यावर उभं राहून हाका मारल्या. पाण्याचा आवाज एवढा की स्वतःचीच हाक ऐकू येईना. तो परत फिरला.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि भागवत सापडला. त्या वस्तीच्या अलीकडे, बाभळीच्या एका रांगेत. वस्तीवरच्या एका म्हातारीनं सांगितलं, आदल्या संध्याकाळी पाण्याच्या बाजूनं कोणीतरी ओरडल्यासारखं वाटलं होतं. नंतर ती म्हणाली, कोल्हं असेल. मग म्हणाली, मला नीट ऐकू येत नाही बापा, माझं काही धरू नका. भागवतनं रात्र काढली होती की तो पहिल्या दिवशीच गेला होता, की ती हाक बंधाऱ्यावरच्या दीपकचीच होती, हे कोणालाही ठामपणे सांगता येणार नाही. मलाही नाही. मी इथं खिळ्यावर होतो.

पण जीवननं ते ऐकलं तेव्हा तो फळी पुसत होता. तो तीच जागा पुसत राहिला. पूनमनं हातातून फडकं काढून घेतलं तेव्हा थांबला.

मग तो उठला. शिडी लावून माळ्यावर चढला आणि मातीतेलाचा तो शेवटचा कॅन खाली काढला. किती दिवसांनी मला तो वास आला! पडद्यामागून रंगरावालाही आला असावा. "भर," तो आतून म्हणाला. स्पष्ट म्हणाला.

जीवननं मला काठोकाठ भरलं. वरून धार सोडली. ती माझ्या काठावरून अंगावर ओघळली आणि त्याच्या मनगटापर्यंत गेली. त्यानं पुसली नाही. मला दोन्ही हातांत धरून तो निघाला. वाटेतल्या लोकांनी त्याला पाहिलं आणि बाजू दिली. लाकडं ओली होती, सगळ्यांना तेलाची गरज ठाऊक होती. आणि रंगरावाच्या घरची रीतही.

बनाबाईच्या अंगणात शिरताना त्यानं चपला बाहेर काढल्या. भागवतला ट्रॅक्टरवरून आणून ओट्यावर ठेवलं होतं. त्याची बायको अश्विनी भिंतीला टेकून बसली होती, डोळे उघडे, पण कोणाकडे पाहत नव्हती. बनाबाई मात्र उभी होती. आंघोळीचं पाणी तापलं का, ते विचारत होती. अशा वेळी काही बायका कामाला धरून उभ्या राहतात.

तिनं जीवनला पाहिलं. मग मला पाहिलं.

"आज काय भाव हाये, जीवन?"

ती ओरडली नाही. दुकानात साखरेचा विचारावा तसा विचारला.

जीवननं मला पुढे धरलं. तेल काठावरून सांडलं. "काकू... सरनाच्या तेलाले भाव नसते."

"मालूम हाये मले," बनाबाई म्हणाली. "भाव जित्त्यालेच असते."

आणि ती पाण्याकडे वळली.

कोणी जीवनला बोल लावला नाही, कोणी अंगावर धावून आलं नाही. एखाद्यानं शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. दीपकनं सरणासाठी ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढलं. जीवन मला ओट्याच्या कडेला ठेवून मागच्या मागे निघून गेला. चपला घालायचंही त्याला सुचलं नाही.

मी भरलेला, तिथंच राहिलो. भागवतला नेलं. अंगण रिकामं झालं. गावात वीज नव्हती. अंधार पडू लागला तेव्हा अश्विनी उठली, माझ्यावर एक ताटली झाकली आणि थोड्या वेळानं परत येऊन ती काढली. घरात एक जुनी चिमणी होती, तिच्यात तिनं माझ्यातलं तेल ओतलं आणि पेटवली. बनाबाईनं उजेडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कायचं तेल?"

"जीवनभाऊनं ठेवलं ते."

बनाबाईनं चिमणी जरा जवळ ओढली. मग म्हणाली, "जळू दे. तेलानं काय केलं."

वीज येईपर्यंत त्या घरात रोज माझ्यातलं तेल जळलं. मी रंगरावाच्या हाती इतकी वर्षं काढली, पण माझ्यातलं तेल कोणाच्या घरात कशासाठी जळतं, ते कधी पाहिलं नव्हतं. त्या दोघी चिमणीच्या दोन बाजूंना बसत. जेवायला ताटं तीन घेतली जात आणि एक परत ठेवलं जाई. मी ओट्यावरून ते पाहत असे आणि कमी होत जात असे.

तेरवी झाली. पुलावर भराव टाकून तात्पुरता रस्ता झाला, पंपावरचं पेट्रोल पंपाच्या भावानं मिळू लागलं. एका सकाळी अश्विनीनं मला राखेनं घासलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि दुकानात घेऊन आली. तिनं मला फळीवर ठेवलं. माझ्यात नोटा होत्या.

"वहिनी, हे काय?" जीवन म्हणाला.

"माय म्हनते, लिटरभर मातीतेल आमीच जाळलं. भाव पुरातला लावला हाये." ती जरा थांबली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, थकवा होता. "कमी असन तं सांगजा."

"वहिनी, मी हे नाई घेत. तुमी घेऊन जा. काकूले सांगा..."

"काय सांगू?"

जीवननं मला तिच्याकडे सरकवलं. अश्विनी पायरी उतरून गेली.

त्याच नोटा माझ्या पोटात आहेत. बिनवासाच्या, म्हणालो ना, त्या ह्याच.

जीवननं त्या काढल्या नाहीत. मला तसंच खिळ्याला अडकवलं. त्यानं पेट्रोल विकणं बंद केलं. कोणी बाटली घेऊन आलं तर म्हणतो, "नाई ठेवत आता, पंपावर जा." एकदा तो मला हातात घेऊन बनाबाईच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. ती ओट्यावर गहू निवडत होती. तिनं वर पाहायच्या आत तो परतला. पूनम म्हणते, "शाळेले देऊन टाका ते पैसे, नाई तं मंदिरात टाका." तो म्हणतो, "ते माहे नाईत, मी कसे देऊ?"

गेल्या महिन्यात रंगरावानं मला मागितलं. जीवननं खाली काढून त्याच्या खाटेवर ठेवलं. म्हाताऱ्यानं डावा हात माझ्या काठावरून फिरवला, शिशाच्या ठोक्यावर अंगठा ठेवला, मग आत बोटं घातली. नोटा लागल्या तशी बोटं थांबली.

"कोनाचे?"

जीवननं सांगितलं. सगळं सांगितलं, अर्ध्या मापाचंही. रंगराव छताकडे पाहत ऐकत राहिला. मी वाट पाहिली, तो आता मुलाला काहीतरी बोलेल. त्यानं मला हळूच बाजूला सरकवलं आणि हात परत पांघरुणात घेतला.

आणि परवा गावात एक म्हातारा गेला. पिकलं पान, घरच्यांना फार धक्का नव्हता. पाऊस होता, लाकडं ओली होती. माळ्यावरच्या कॅनमध्ये अजून मातीतेल आहे. जीवननं सकाळीच तो खाली काढून पुसून ठेवला आणि पायरीकडे पाहत बसला. दोन माणसं रस्त्यानं आली. आमच्या पायरीपाशी त्यांची पावलं जराशी मंदावली, सवयीनं. मग ती पुढे गेली. दुपारी ती डोणगावहून डिझेलचा कॅन घेऊन परत जाताना दिसली. विकत आणलेला.

मी माप आहे. माझं काम भरणं आणि रिकामं होणं, एवढंच. कागद घेऊन टांगून राहणं हे माझं काम नाही. माझा शिशावरचा शिक्का आता पुसट होऊ लागला आहे. तो गेला तरी चालेल.

तुमच्यापैकी कोणी त्या गल्लीतून गेलात आणि ओट्यावर एक बाई गहू निवडताना दिसली, तर तिला माझा निरोप द्या. जीवनला माफ कर असं तिला सांगू नका, ते सांगायचा हक्क तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. फक्त एवढं म्हणा, की आई, ते माप तुझ्या हातानं एकदा उलटं कर. म्हणजे मी रिकामा होईन. पुढच्या वेळी पायरीवर कोणी चप्पल काढली, तर मला भरता तरी येईल.